काळ्या पडद्याचे साठ सेकंद

२०१० च्या सुमाराला ज्यांच्याकडे रेडिऑनचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि लिनक्सचं कर्नल स्वतः कंपाइल करायची हौसही होती, अशा बऱ्याच मंडळींच्या वाट्याला एक चमत्कारिक अनुभव येई. मशीन सुरू करावं, पडद्यावर भराभर ओळी सरकाव्यात आणि मधेच सगळं ठप्प व्हावं. वैतागून पॉवरच्या बटणाकडे हात जाईपर्यंत बरोबर एक मिनिट उलटायचं आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागायचं. नशीब बरं असेल तर फक्त ग्राफिक्सचा वेग गेलेला असे. नसेल तर पडदा काळा तो काळाच. शोध घेतल्यावर कारण सापडायचं ते एका अक्षरात. कर्नलच्या मांडणीत रेडिऑनच्या ड्रायव्हरसमोर ‘एम’ असता तर हे घडलं नसतं. तिथे ‘वाय’ निवडलेला होता.

ही मांडणी करायची जागाही पाहण्यासारखी आहे. निळ्या पार्श्वभूमीवर राखाडी चौकट, तिच्यात नावांची लांबलचक उतरंड आणि प्रत्येक नावाच्या डावीकडे कोनी कंस. ‘वाय’ दाबलं की कंसात चांदणी येते आणि तो ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य फाइलमध्येच जोडला जातो, तो बिल्ट-इन. ‘एम’ दाबलं की त्याची वेगळी फाइल बनते, ती डिस्कवर राहते आणि गरज पडेल तेव्हा आत ओढली जाते, ते मॉड्यूल. ‘एन’ दाबलं की विषय संपला. नवख्याला वाटतं, पोटात घेतलेला ड्रायव्हर जास्त वेगाने चालत असणार. तसं काही नसतं. एकदा मेमरीत आला की कोड तोच, खेळाची चित्रंही तेवढ्याच वेगाने हलतात. फरक पडतो तो ड्रायव्हर जागा होण्याच्या वेळेत, आणि त्या वेळी त्याच्या आजूबाजूला काय काय तयार असतं यात. या एका गोष्टीवर लिनक्सने जवळजवळ तीस वर्षं घोळ घातला.

लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ साली जे लिहिलं ते एकसंध कर्नल होतं. सगळे ड्रायव्हर एका गठ्ठ्यात. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्स ही प्रणाली लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी हा आराखडा कालबाह्य असल्याचं जाहीरपणे सुनावलं. त्यांच्या मते कर्नल छोटं हवं आणि बाकी सगळं त्याच्या बाहेर. टोरवाल्ड्स मागे हटला नाही, पण व्यवहाराने त्याला थोडं वाकवलं. तेव्हाच्या मशीनमध्ये चार मेगाबाइट मेमरी असली तरी चैन वाटे, आणि बूट करायची फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची. जगातल्या सगळ्या डिस्क-कंट्रोलरचे ड्रायव्हर त्या फ्लॉपीवर मावणार कसे? स्लॅकवेअर या लिनक्स-वितरणाने बूट-डिस्कची एक अख्खी रांगच उभी केली होती: या स्कझी कार्डासाठी ही फ्लॉपी, त्या कार्डासाठी ती. आपल्या मशीनमध्ये काय आहे हे ठाऊक नसेल तर एकेक घालून बघायची. याच टंचाईतून मॉड्यूलची कल्पना रुजली, आणि मार्च १९९५ मध्ये १.२ आवृत्ती आली तोवर ती वापरात स्थिरावलेली होती. यात टॅनेनबॉम यांच्या मताचा विजय झाला असं मात्र समजू नये. मॉड्यूल एकदा आत आलं की ते कर्नलचाच भाग होतं. ते कोसळलं तर सगळ्यांना घेऊन कोसळतं.

मॉड्यूलमुळे नवाच पेच निर्माण झाला. डिस्क वाचणारा ड्रायव्हर स्वतःच मॉड्यूल असेल आणि त्याची फाइल त्याच डिस्कवर असेल, तर तो वाचायचा कसा? किल्ली कपाटात आणि कपाट बंद. यावर १९९६ च्या सुमारास तोडगा आला तो इनिटआरडीचा. आवश्यक मॉड्यूल भरलेलं एक छोटं फाइलसिस्टिम बूटलोडरच मेमरीत आणून ठेवतो, कर्नल आधी त्यावर गुजराण करतं आणि खरी डिस्क हाती लागली की तिकडे मुक्काम हलवतं. पुढे याच जागी इनिटरामएफएस आलं.

या सगळ्या धांदलीत ग्राफिक्सचं नावही नव्हतं, कारण पडद्याशी कर्नलचा फारसा संबंधच नव्हता. मशीन सुरू झालं की व्हीजीए कार्ड ८० स्तंभ आणि २५ ओळींच्या मजकूर-अवस्थेत आपोआप यायचं. मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी अक्षराचा क्रमांक आणि रंगाचा क्रमांक लिहिला की अक्षर उमटलं. याला ड्रायव्हर म्हणणं म्हणजे थोडा मानच देणं. देवनागरीवाल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या अवस्थेत एका वेळी २५६, फार तर ५१२ अक्षराकृती मावत, आणि एका चौकोनात एक आकृती एवढंच गणित होतं. जोडाक्षरं आणि मागेपुढे सरकणाऱ्या वेलांट्यांना तिथे थारा नव्हता. लिनक्सच्या कोऱ्या कन्सोलवर मराठी आजही धड दिसत नाही, त्याचं मूळ याच चौकोनांत आहे.

चित्रं, खिडक्या, माउसचा बाण हा सगळा संसार एक्स-सर्व्हरचा. एक्सएफ्री८६ हा कर्नलबाहेरचा साधा प्रोग्रॅम होता, पण तो रूटच्या अधिकाराने चालायचा आणि कर्नलला बाजूला सारून थेट कार्डाच्या रजिस्टरांत हात घालायचा. कार्डाला कोणत्या रिझोल्यूशनवर ठेवलं आहे हे कर्नलला माहीत नसे. त्यामुळे एक्स चालू असताना कर्नल कोसळलं तर त्याचा शेवटचा निरोप दाखवायला जागाच नव्हती. गोठलेलं चित्र तसंच समोर राहायचं. एक्स कोसळला तर मशीन जिवंत असूनही किबोर्ड आणि पडदा मेलेले. लॅपटॉप झोपवून उठवला तर कार्ड पूर्वस्थितीत आणायचं कोणी, यावरून तर कितीतरी वर्षं खटपटी-लटपटी चालल्या. मायक्रोसॉफ्टने मधल्या काळात उलटा प्रवास केला होता. विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्त्यांत ग्राफिक्स कर्नलबाहेर होतं. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी ते आत आणलं, आणि २००७ च्या व्हिस्टात ड्रायव्हरचे दोन तुकडे करून मोठा हिस्सा परत बाहेर पाठवला.

लिनक्समध्येही ग्राफिक्स आत आणायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. नव्वदच्या दशकात जीजीआय नावाचा प्रकल्प तेच सांगत होता, पण टोरवाल्ड्सने त्याला दार उघडलं नाही. दार उघडलं ते भलत्याच बाजूने. अटारी आणि अमिगा या मोटोरोला चिपवरच्या मशीनवर लिनक्स नेलं तेव्हा लक्षात आलं, की इथे मजकूर-अवस्था नाहीच. ‘लॉगिन’ एवढा शब्द दाखवायचा तरी ठिपके स्वतः रंगवावे लागतील. त्या गरजेतून फ्रेमबफर जन्माला आला आणि जानेवारी १९९९ च्या २.२ आवृत्तीत तो पीसीवरही पोचला. बूट होताना डाव्या कोपऱ्यात लिनक्सचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन दिसू लागला तो यामुळे. दोन प्रोसेसर असतील तर दोन पेंग्विन, चार असतील तर चार. पेंग्विन लवकर बघायचा तर फ्रेमबफर ‘वाय’ हवा, हे हौशी लोकांनी पटकन हेरलं.

त्रिमितीय खेळांनी पुढचं पाऊल टाकायला लावलं. प्रिसिजन इनसाइट या छोट्या कंपनीने १९९८-९९ मध्ये आखलेला डीआरएम नावाचा भाग २.४ मध्ये, म्हणजे जानेवारी २००१ मध्ये, रीतसर कर्नलचा झाला. कार्डापर्यंत आज्ञा पोचवणं आणि अनेक प्रोग्रॅमना एकमेकांच्या पायात पाय न घालू देणं एवढंच त्याचं काम. पडदा अजून एक्सच्याच ताब्यात होता. डीआरएमचं मॉड्यूल एक्स सुरू होताना आत येई, आणि तोवर डिस्क, फाइलसिस्टिम सगळं उभं राहिलेलं असे. म्हणून ‘वाय’ की ‘एम’ याची कोणी फारशी फिकीर करत नव्हतं. अडखळायला व्हायचं ते एका फुटकळ वाटणाऱ्या अटीवर. ग्राफिक्स कार्ड ज्यात बसे त्या एजीपी स्लॉटच्या ड्रायव्हरची डीआरएमला मदत लागे. कर्नलच्या मुख्य फाइलची जोडणी होते त्या वेळी मॉड्यूलमधली फंक्शनं तिथे नसतातच. मग पोटातला कोड बाहेरच्या कोडला हाक मारणार कशी? म्हणून मांडणीच्या फाइलमध्ये अशी अट घातलेली होती, की एजीपी ‘एम’ असेल तर डीआरएमला ‘वाय’ होता येणार नाही. एजीपी अजिबात नसेल तर मात्र चालेल. वाचणाऱ्याला ही ओळ मूर्खपणाची वाटते: एजीपी असली तर किंवा नसली तर. तिचा सगळा अर्थ त्या मधल्या ‘एम’मध्ये दडलेला आहे. एक ड्रायव्हर पोटात घ्यायचा तर तो ज्यांच्यावर विसंबून आहे ती सगळी पलटण पोटात घ्यावी लागते.

खरी उलथापालथ २००८-०९ मध्ये झाली. जेसी बार्न्स, डेव्ह एअरली आणि इतरांनी पडद्याचं रिझोल्यूशन ठरवायचं काम एक्सकडून काढून कर्नलकडे आणलं. याला केएमएस म्हणतात. कार्डाच्या मेमरीचा हिशेब कर्नलने कसा ठेवायचा यावर आधी बरीच रस्सीखेच झाली, पण डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये हा हिशेब ठेवणारा इंटेलच्या मंडळींचा जेम आत आला आणि मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेल कार्डांसाठी केएमएस. फेडोरा या वितरणाने तर कर्नलच्याही आधी, २००८ मध्येच, ते आपल्या वापरकर्त्यांच्या हाती ठेवलं होतं. योगायोग असा की २.६.२९ मध्ये पेंग्विन रजेवर होता: टास्मानियन डेव्हिल या प्राण्याला वाचवण्याच्या मोहिमेसाठी त्याच्या जागी टझ नावाचं पात्र बसवलं होतं. त्यामुळे कर्नलने स्वतः उजळवलेल्या पडद्यावर पहिल्यांदा अनेकांना दिसला तो खोटी चोच लावलेला टझ.

आता ड्रायव्हर जागा होणं म्हणजेच पडदा उजळणं झालं, आणि त्या दोन अक्षरांना वजन आलं. ‘वाय’च्या बाजूचं सगळ्यात झणझणीत प्रात्यक्षिक सप्टेंबर २००८ मध्येच झालं होतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये भरलेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे अर्जान व्हॅन द व्हेन आणि औके कोक यांनी आसूसचा चिमुकला ईईई पीसी पाच सेकंदांत बूट करून दाखवला. कर्नलच्या वाट्याला त्यातला एक सेकंद. त्यांनी इनिटआरडी फेकून दिलं आणि त्या मशीनला लागणारं सगळं पोटात घेतलं. मॉड्यूल शोधा, उघडा, जोडा, मग खऱ्या डिस्कवर जा, हा फेराच त्यांना नको होता. प्रात्यक्षिक अस्सल होतं, पण एक गोष्ट विसरून चालत नाही: समोर कोणतं मशीन आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फेडोरा किंवा डेबियनसारख्या वितरणाला ते ठाऊक नसतं.

शिवाय तेव्हाच्या इंटेल ग्राफिक्सला बाहेरून काही लागत नव्हतं. रेडिऑनला लागत होतं. कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरांना चालवणारं मायक्रोकोड, म्हणजे फर्मवेअर, एकेकाळी ड्रायव्हरच्या कोडमध्येच आकड्यांच्या लांबच लांब रांगा म्हणून छापलेलं असे. ज्याचा मूळ स्रोत कोणाला दिसत नाही असे आकडे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये का, असा डेबियनवाल्यांचा जुना आक्षेप होता. २००९ च्या अखेरीस ते आकडे वेगळ्या फाइलींत गेले. फेब्रुवारी २०११ च्या डेबियन आवृत्तीचं कर्नल तर अशा फर्मवेअरपासून पूर्ण मोकळं करून दिलं गेलं.

आता ‘वाय’ निवडलेल्या रेडिऑनचं काय होत असे ते पाहा. कर्नल सुरू होतं. पोटातले ड्रायव्हर एकामागून एक जागे होतात. रेडिऑन म्हणतो, मला फर्मवेअरची फाइल द्या. फाइल डिस्कवर आहे. डिस्क अजून जोडलेली नाही. फाइल आणून द्यायचं काम यूडेव्ह या बाहेरच्या प्रोग्रॅमचं. तो अजून जन्मालाच आलेला नाही. कर्नल मात्र नियमाने थांबतं, कारण वाट बघायची मुदत ठरलेली आहे: साठ सेकंद. ‘एम’ असता तर हीच मागणी यूडेव्ह चालू झाल्यावर झाली असती आणि क्षणात पुरी झाली असती. तरीही ‘वाय’च हवा असेल तर मांडणीत एक रकाना होता. लागणाऱ्या फर्मवेअरच्या फाइलींची नावं त्यात एकेक करून लिहायची, म्हणजे त्या कर्नलच्या पोटात जात. आपल्या कार्डाचं विक्रीचं नाव वेगळं, चिपचं नाव वेगळं आणि फाइलचं आणखी तिसरं. सगळं स्वतः कंपाइल करणाऱ्या जेंटूवाल्यांनी या नावांचे तक्ते बनवून ठेवले होते, आणि ते तक्ते नसते तर किती जणांनी नाद सोडला असता कोण जाणे.

‘एम’वाले सुरक्षित होते असंही नाही. २०१२ मध्ये यूडेव्हच्या वागण्यात एक बदल झाला. मॉड्यूल आत घेण्याचं काम पूर्ण होईपर्यंत तो त्याच उपकरणाच्या पुढच्या मागण्यांकडे बघेना. आणि काही ड्रायव्हर आत येता येताच फर्मवेअर मागत. दोघं एकमेकांची वाट बघत बसले. ऑक्टोबरमध्ये टोरवाल्ड्सचा पारा चढला आणि त्याने मध्यस्थच काढून टाकायचं ठरवलं: कर्नलने फाइलसिस्टिममधून फर्मवेअर स्वतः वाचावं. ही सोय ३.७ आवृत्तीत आली. मिनिटभराची ती वाट हळूहळू इतिहासजमा झाली. पण डिस्कच नसेल तर फाइल कुठून येणार, हा मूळ प्रश्न ३.७ ने सोडवला नाही. नकार तेवढा लवकर मिळू लागला.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांना हा पेच कधी पडलाच नाही, कारण त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. कर्नल जीपीएल परवान्याचं आणि कंपनीचा ड्रायव्हर बंदिस्त. दोन्ही एकाच फाइलमध्ये जोडून वाटणं परवान्यात बसत नाही. मॉड्यूल म्हणून वापरकर्त्याने आपल्या घरी जोडलं तर कायद्याच्या धूसर पट्ट्यात का होईना, निभावतं. कर्नल अशा वेळी स्वतःवर ‘दूषित’ असा शिक्का मारून घेतं. कर्नल बदललं की मॉड्यूल पुन्हा बनवायचं. डेलने काढलेल्या डीकेएमएसने ते आपोआप होऊ लागलं, आणि कधी झालं नाही की पडदा काळा. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते दृश्य जगभर फिरलं. मे २०२२ मध्ये कंपनीने मॉड्यूलचा स्रोत खुला केला. तो अजूनही मुख्य कर्नलच्या बाहेरच राहतो, त्यामुळे त्याच्यापुरता ‘वाय’ हा पर्याय आजही नाही.

दरम्यान ड्रायव्हर फुगत चालले होते. रेडिऑन बनवणाऱ्या एएमडीचा नवा ड्रायव्हर अमडीजीपीयू २०१५ च्या ४.२ मध्ये आला. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने त्यात सुमारे लाखभर ओळींचा नवा थर घालू पाहिला तेव्हा एअरलीने तो आहे तसा घ्यायला साफ नकार दिला. बरीच काटछाट होऊन तो ४.१५ मध्ये आत गेला. २०२० पर्यंत हा एकटा ड्रायव्हर कर्नलच्या सगळ्या स्रोत-ओळींच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा व्यापत होता. त्यातल्या पुष्कळ ओळी यंत्राने तयार केलेल्या रजिस्टरांच्या याद्या आहेत, हे खरं. पण एवढं प्रकरण प्रत्येकाच्या कर्नलमध्ये, ज्याच्याकडे इंटेल आहे त्याच्याही, कायमचं कोंबायचं हे कोणत्याच वितरणाला परवडणारं नव्हतं. फोनच्या दुनियेतही वारं त्याच दिशेने वळलं. प्रत्येक फोनचं कर्नल वेगळं, हा खाक्या मोडून गूगलने अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलच्या वेळी सर्वांसाठी एकच सामायिक कर्नल ठरवलं, आणि चिपवाल्यांचा बाकीचा पसारा मॉड्यूलमध्ये ढकलला.

पडदा लवकर उजळायला हवा, पण मोठा ड्रायव्हर पोटात नको, या पेचावर लिनक्सने काढलेली तोड मला या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. मशीन सुरू होतानाच त्याच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरने पडदा उजळलेला असतो. मग त्याच उजेडात काम का करू नये? २०१३ मध्ये डेव्हिड हेरमान याने मांडलेली ही कल्पना सुसेच्या थॉमस झिमरमानने तडीस नेली आणि ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये सिम्पलडीआरएम आला. त्याला रिझोल्यूशन बदलता येत नाही, त्रिमितीय काही येत नाही. मिळालेल्या मेमरीत ठिपके रंगवणं एवढंच त्याला येतं. छोटा, कुठल्याही कार्डावर चालणारा, कसलंच फर्मवेअर न मागणारा. म्हणून निःशंक ‘वाय’. खरा ड्रायव्हर ‘एम’ म्हणून सावकाश येतो आणि पडदा आपल्या हाती घेतो. जुने फ्रेमबफर ड्रायव्हरही असंच काही करत, पण त्यांच्यावर एक्सची जागा घेणारं आजचं वेलँड चालत नव्हतं. मे २०२२ च्या फेडोरा ३६ ने त्यांची जागा सिम्पलडीआरएमला दिली.

भांडण आता इनिटरामएफएसमध्ये सरकलं आहे. डिस्क कूटबद्ध असेल तर पासवर्ड विचारायला पडदा लागतो, तोही डिस्क उघडायच्या आधी. खबरदारी म्हणून मोठा ड्रायव्हर तिथे भरला की त्याचं फर्मवेअरही भरावं लागतं, आणि एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचं एकेक फर्मवेअर दहादहा मेगाबाइटच्या पटीत मोजावं लागतं. जुन्या हिशेबाने आखलेलं बूटचं पार्टिशन दोन-तीन कर्नलमध्ये गच्च भरतं. सिम्पलडीआरएम असल्यावर हा बोजा कशाला, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. पण मशीनच्या फर्मवेअरने उजळलेला पडदा तेवढाच त्याला दिसतो. झाकण मिटून डॉकला लावलेल्या लॅपटॉपवर तो पडदा आतल्या बाजूचा असू शकतो, आणि बाहेरच्या मॉनिटरसमोर बसलेल्या माणसाला पासवर्डची चौकट दिसायला हवी असेल तर मोठा ड्रायव्हर लवकरच लागतो.